ऐंशी मीटर, खांबाशिवाय

पेन्सिलीचं टोक त्या आकड्यावर टेकलं आणि तिथंच थांबलं — पंचवीस. छपराच्या सांगाड्याचं स्वतःचं वजन, चौरस मीटरला पंचवीस किलो… हा पंचवीस आला कुठून, हे तिला लगेच कळलं, कारण सवय तिचीच होती: जुन्या कामाचा तक्ता उघडायचा, लांबी-रुंदी बदलायची, की झालं. पण जुनं काम चाळीस मीटरच्या गोदामाचं होतं आणि हा प्रदर्शनाचा हॉल ऐंशीचा, मध्ये एकही खांब नसलेला. इतक्या लांबीला लोखंडाची निम्मी ताकद स्वतःलाच उचलण्यात जाते. साठ हवेत, कमीत कमी साठ. कॉम्प्युटरचं काय, भरवाल ते गिळतो.

घाबरली? छे! सव्वीस वर्षं बिनखांबाची छपरं उभी करणारी बाई म्हणून लोक तिला ओळखत होते, आणि तिला ते आवडायचं — का आवडू नये? चूक सापडली, म्हणजे अर्धं काम झालं. नऊला कारखान्यात लोखंड कापायला घेणार होते. तिनं फोन लावला.

“काका, कापायला घेऊ नका.”

“अहो ताई, माणसं मशीनवर उभी आहेत,” फोरमन म्हणाला.

“बसू दे त्यांना. वजन चुकलंय. माझंच.”

‘माझंच’ म्हणताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही, याचं तिला बरं वाटलं. आणि नेमका तेव्हाच धाकटा भाऊ आठवला… गेल्या वर्षी याच टेबलाशी, हॉलच्या मालकासमोर तो म्हणाला होता, “ताई, ऐंशीला मध्ये खांबांची एक ओळ घेऊ या ना. लोखंड कितीतरी वाचेल.” आणि ती हसली होती. “हा लहानपणी जिना उतरतानाही माझा हात धरायचा,” असं म्हणाली होती. मालकही हसला. फक्त भाऊ हसला नाही. महिन्याभरात त्यानं वेगळं ऑफिस थाटलं.

असो. मालकाला तिनं फोनवर आडपडदा न ठेवता सांगितलं. “छपराचं वजन मी कमी धरलं होतं. आता दोनच वाटा आहेत. मध्ये खांबांची ओळ, नाहीतर जवळपास दीडपट लोखंड. छप्पर दोन्हींत ठणठणीत राहील, ते माझ्यावर सोडा. खर्च झेपतोय का, ते तुम्ही बघा.”

मालक म्हणाला, “पण मॅडम, तुमच्याकडे एकानं केलेलं दुसरा तपासतो म्हणाला होतात. हे कुणी तपासलं?”

“मीच.”

“संध्याकाळी कळवतो,” म्हणून त्यानं फोन ठेवला. काम राहतं की जातं, ते आता संध्याकाळी कळणार.

ती हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली नव्हतीच. दुपारपर्यंत दोन्ही पर्याय नव्यानं मांडून झाले — खांबासकट, खांबाशिवाय. नकाशाच्या कोपऱ्यात दोन चौकटी: आखणी, तपासणी. पहिलीत तिनं सही ठोकली, आणि सवयीनं दुसरीकडे वळलेला हात… थबकला. तिथं पूर्वी भावाची तिरकी सही असायची. त्याआधी लाल शाईचा सडा. “ताई, इथं जुन्यावरून उतरवलंस ना? बघ, पकडलं!” आजचा पंचवीस त्यानं चहा यायच्या आत पकडला असता. तो गेल्यावर तिला वाटलं होतं, मला तपासणार कोण? माझ्या तोडीचं आहे कोण इथं?

तिनं आकडे पुन्हा पाहिले. बरोबर होते. बरोबर आहेत हे तिला अगदी पक्कं ठाऊक होतं… आणि सोमवारी जुना नकाशा कारखान्यात पाठवतानाही तिला हे असंच, इतकंच पक्कं ठाऊक होतं.

फोन तिनं जवळ ओढला. माफी मागायची की नाही ते नंतर बघू… पण मला तो हवाय, नाक मुरडायला, लाल शाई सांडायला, हवाच आहे. फोरमनशी, मालकाशी बोलताना जराही न हललेला तिचा आवाज आता “अरे” एवढं म्हणून बघत होता, आणि ते काही केल्या जमत नव्हतं.