गोडे पाणी मागणारा डेक

मित्रांनो, मी सांगतो त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. पण माझा साक्षीदार इथेच आहे, माझ्या अंगावर लोळणारा हा गंजका नांगर. मी वर्सोव्याच्या एका मासेमारी होडीचा जुना सागवानी डेक आहे, आणि मी एका माणसाला लाथ मारून थेट खाडीपलीकडच्या मढला पोहोचवले आहे!

मला घडवले अनंत सुताराने. त्याने फळ्या अशा बसवल्या, की मधून जाताना मुंगीलाही अंग चोरावे लागे. मासळीचे ढीग मी पेलले, वादळे झेलली. “काय झकास डेक हाय!” असे लोक म्हणत. मग होडी हरेश्वरच्या हाती आली आणि माझी वाट लागली. दरवर्षी नारळी पौर्णिमा जवळ आली, की हा गडी जुन्या रंगावरच नवा रंग फासायचा. निळ्यावर हिरवा, हिरव्यावर लाल. वरून मी नवरदेव, आतून सडका फणस! राग येणार नाही तर काय?

१९८६ च्या श्रावणात तो पुन्हा रंगाचा डबा घेऊन चढला. मागोमाग त्याची थोरली बहीण पार्वती आली. तिचा मुलगा रामनाथ माझ्यावरच उभा राहून जाळे ओढायचा. तिने कोयतीच्या मुठीने मला ठोकले.

“हरेश्वर, पोकळ वाजतंय रे. आधी सगळा रंग खरवड. गोड्या पाण्याने धू, सुकू दे, मग काय फासायचं ते फास.”

“बाय, पानी प्यायला नाय, आनि तू होडीला पाजतेस? जन्मभर हिला खाऱ्या पान्यानेच धुतली ना!”

“रोजचं धुणं वेगळं. मीठ आत राहिलं तर लाकूड सुकेल काय? उद्या भर समुद्रात माझा रामनाथ यातून खाली गेला, तर नारळ कोणत्या तोंडाने वाहशील?”

“पूजेला चमकली पायजे. बस!”

त्याने खाडीच्या पाण्याची बादली माझ्यावर ओतली आणि ओल्या अंगावरच ब्रश टेकवला.

माझे डोके फिरले! मी असा उसळलो, की हरेश्वर ब्रशसकट खाडीवरून उडाला. बगळ्यांनी वाट दिली. तो मढच्या धक्क्यावर आपटला आणि तिथून तरीच्या होडीत बसून, हात जोडत परत आला. मग मात्र त्याने मला लाकूड दिसेपर्यंत खरवडले. कुजक्या फळ्या बदलल्या, फटींत कापूस आणि राळ ठासली, पॉलिश पेपर मारला. नळावर रांग लावून गोडे पाणी आणले, मला धुतले, ताडपत्रीखाली सुकवले, तेल पाजले. रंग सगळ्यात शेवटी!

म्हणून सांगतो मित्रांनो, कुजलेल्यावर रंग फासू नका. लाकडालाही राग येतो. माझी लाथ ज्याने खाल्ली...

“खोटं!” नांगर खणखणला. “कसली लाथ रे? तुझीच फळी मोडली आणि तो मांडीपर्यंत आत अडकला. पार्वतीने त्याला वर ओढायच्या आधी हातात खरवडायची पत्ती दिली. म्हणाली, ‘आता तिथूनच सुरुवात कर!’”