शेवटच्या दिवसाची साक्ष

"आठवडाभर भाजीत तिखट नाही. पाहुणीच्या पोटापायी आमच्या जिभेला शिक्षा!" प्रितेश बायकोच्या कानाशी पुटपुटला. करिष्माने त्याला कोपर मारलं.

राहनाळच्या त्यांच्या घरात मंडळी प्रार्थनेला सतरंजीवर बसली होती. न्यूझीलंडहून आठवडाभर बायबल शिकवायला आलेल्या रूथ टीचर उद्या निघणार होत्या. करिष्मा त्यांची दुभाषी. आज साक्षी द्यायच्या होत्या, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं, आणि पहिली साक्ष तिच्या सासूची, राहीबाईंची.

सोमवारी टीचरनी उपास धरून राहीबाईंच्या मोतीबिंदूसाठी प्रार्थना केली आणि भरल्या डोळ्यांनी विचारलं, "आता दिसतं?" राहीबाईंनी होकारार्थी मान हलवली. घरभर हालेलुया झालं आणि प्रितेशने त्याच खुशीत पुढच्या आठवड्यातलं ऑपरेशन रद्द करून टाकलं. तेव्हापासून राहीबाई चहाचा कप चाचपडत शोधायच्या आणि करिष्मा तो गुपचूप त्यांच्या हाताशी सरकवायची. प्रितेश ते बघायचा आणि मोबाईलमध्ये डोकं घालायचा. प्रार्थना फळली नाही म्हणजे आपलाच विश्वास कमी पडला, असं कोण म्हणवून घेणार?

राहीबाई भिंतीला धरून उठल्या. त्या खोटं बोलल्या, तर तेच खोटं इंग्रजीत करिष्मालाही बोलावं लागणार होतं.

"मना काय बी दिसत न्हाय," राहीबाई म्हणाल्या. "बाय एवढ्या लांबून आली, माझ्यासाठी उपाशी रडत व्हती. तिला न्हाय कसा म्हनू? करिष्मा, सांग तिला. आन् प्रितेश, तू दाक्तरला फोन लाव."