पानथरी काढू नका

कलबुर्गीच्या, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याच्या, त्या खाजगी दवाखान्यात प्रियंकाच्या खोलीकडे पेशंट कधी फिरकत नसत. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला त्याचा कोड द्यायचा, आधी एक अक्षर, मग आकडे, हे तिचं काम. कोड टाकला की संगणक आजाराचं नाव आपोआप छापायचा. मग पेशंट कुठंही गेला तरी तेच नाव त्याच्यासोबत जायचं. गावाकडे, भालकीत, तिच्या वडिलांना हे काम काय आहे ते अजून नीट कळलेलं नव्हतं. "माझी पोरगी आजारांना नंबर देती," असं ते शेजाऱ्यांना सांगायचे.

त्या सकाळी दार धाडकन उघडलं. रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर भुवनेश्वरी मॅडम आत आल्या. जिना चढून धाप लागलेली, पण चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरीसारखा फुललेला. मागे हळ्ळीखेडची चैत्रा आणि तिची आई मल्लव्वा.

"प्रियंका, हिची फाइल उघड! कोड बदलायचाय. बंगळूरहून जीनचा रिपोर्ट आला."

चैत्राची फाइल प्रियंकाला आठवत होती. कॉलेजात जाणारी मुलगी, जन्मापासून डोळे पिवळे, रक्त कमी, जरा चाललं की दम. आजार आनुवंशिक. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल होतात आणि पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, त्यांना फोडत राहते, असं निदान होतं. पानथरी काढली की त्यात बहुतेकांना आराम पडतो. चैत्राचं ऑपरेशन ठरलंही होतं. पण सूक्ष्मदर्शकाखाली काचेवरचं रक्त पुन्हा बघताना मॅडमना शंका आली आणि त्यांनी जीनची तपासणी करायला पाठवली.

"हा तो आजारच नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांना एका जागी उभं राहवत नव्हतं. "पेशी आतून सुकतायत, पाणी धरत नाहीत. पुस्तकात वाचलं होतं फक्त, पेशंट पहिल्यांदाच बघतेय! आणि यात पानथरीला हात लावायचा नसतो. काढली तर रक्ताच्या गाठी होतात, जिवावर बेततं."

"म्हणजे माझं ऑपरेशन न्हाई?" चैत्राने विचारलं.

"नाही!"

चैत्राने आईला मिठीच मारली. मल्लव्वा मात्र ताठ उभी राहिली.

"मॅडम, मग आमच्या महेशचं कसं?"

"कोण महेश?"

"माजा दीर, महेशकुमार. लातूरला डाळमिलमधी हाय. त्याचे बी डोळे असेच पिवळे, पानथरी वाढलेली. चैत्राच्या कागदाचा फोटो त्यानं तिकडच्या डॉक्टरला दाखवला. त्ये म्हणले, घरातलाच आजार हाय, काढून टाकू." तिचा आवाज चिरकला. "आज काढायलेत."

"आज?"

"व्हय. दवाखान्यात भरती हाय त्यो."

चैत्राने फोन लावला. काकाचा बंद. काकू कमलम्माचा वाजत राहिला, कुणी उचलेना. मॅडमनी मल्लव्वाला लातूरच्या दवाखान्याचं नाव विचारलं, नंबर काढला आणि फोन लावला. तिकडची सिस्टर घाबरली. सर्जन आत दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते आणि यानंतर महेशचाच नंबर होता.

"मी आत निरोप देते, मॅडम," सिस्टर म्हणाली. "पण त्यांच्यासमोर तुमचा जुना कागद आहे. काहीतरी लिहून पाठवा, लगेच!"

प्रियंकाने फाइल उघडलीच होती. जुना कोड खोडून नवा टाकला आणि पडद्यावर छापून आलं, 'रक्तक्षयाचा इतर आनुवंशिक प्रकार'.

"मॅडम, या आजाराला वेगळा कोडच नाही. 'इतर'मध्ये जातो. एवढंच वाचून त्यांना काय कळणार?"

"काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "कोडखालची शेऱ्याची जागा उघड. मी सांगते, तू टाइप कर."

मॅडम भराभर सांगत गेल्या, प्रियंकाची बोटं पळत राहिली. आजाराचं पूर्ण नाव, जीनचा दोष, आधीचं निदान रद्द.

"पानथरीचं सगळ्यात वर घेऊ का?" प्रियंकाने विचारलं. "ठळक अक्षरात?"

"घे! लिही, या पेशंटची आणि तिच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाचीही पानथरी, ही तपासणी झाल्याशिवाय काढू नये."

मॅडमनी सही केली. कागद स्कॅन होऊन लातूरला गेला. मग चौघी त्या फोनभोवती उभ्या राहिल्या. मल्लव्वा पुटपुटत बसवण्णांचं नाव घेत होती. प्रियंकाने नकळत तिचा हात धरला होता.

फोन वाजला. सर्जन स्वतः बोलत होते. "कागद मिळाला, डॉक्टर. टेबलावर घ्यायच्या आधी मिळाला. थांबवलंय. आधी त्याचं रक्त तपासणीला पाठवतो. तुमचे फार आभार."

चैत्रा ओरडलीच. खालच्या मजल्यावरून कुणीतरी काय झालं म्हणून बघायला आलं. तोवर कमलम्माचा फोन आला आणि तिच्या हातून महेशने तो घेतला.

"वैनी, कामून थांबवलं ओ? इथं मला कुणी काय सांगंना. उपाशी ठेवलंय, वर हिरवा झगा घातलाय!"

"काढ त्यो झगा आन् जेव बाबा पोटभर!" मल्लव्वा रडत रडत हसली. "गुलबर्ग्याच्या मॅडमनं वाचवलं तुला. आन् ह्या प्रियंका अक्कानं."

महेशचा रिपोर्ट आला तेव्हा त्यातही तोच दोष निघाला. पुढच्या रविवारी मॅडम आणि प्रियंका हळ्ळीखेडला गेल्या. सगळी भावकी तपासायची होती. मल्लव्वाच्या अंगणात चटया अंथरल्या होत्या, बायका सुईला भिऊन एकमेकींना पुढे ढकलत होत्या. महेश लातूरहून मुद्दाम आला होता. चैत्राचा दम काही गेला नव्हता, गोळ्या कायमच्याच होत्या. तरी ती दारात उभी राहून येईल त्याला थांबवत होती.

"अण्णा, उजेडात या. डोळे दाखवा बगू!"