पपईचा चीक आणि म्हातारा बैल

माझे अकीकीमामा कंपालाच्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवतात. अर्धं आयुष्य त्यांनी पपईच्या चिकापायी घालवलं. त्या चिकात मांस मऊ करणारं विकर, म्हणजे एन्झाइम असतं. मामांनी ते इतकं शुद्ध केलं, की दूरदूरचे विद्वान त्यांना भाषणाला बोलावतात. आईला मात्र कुणी विचारलं तर ती सांगायची, "भाऊ ना? पपया पिळतो."

मला मागणी घालायला नवऱ्याकडची मंडळी फोर्ट पोर्टलला आमच्या घरी येणार होती. बाबांनी काटकसर म्हणून असा म्हातारा बैल कापला, की मांस चिरता चिरता मावश्यांचे हात भरून आले. आई हवालदिल झाली. जन्मात पहिल्यांदा तिने मामांना त्यांची विद्या वापरून काहीतरी करायला सांगितलं.

मामा हरखले. त्या विकराची चिमूटभर पावडर पुरली असती, त्यांनी अख्खी बाटली पातेल्यात रिकामी केली. उकळी आली तर विकर मरतं, म्हणून आच मंद ठेवायला बजावलं. मावश्यांनी तसंच केलं. पण पाहुण्यांची गाडी चिखलात रुतली आणि ते दुपार टळल्यावर उगवले. तोवर पातेलं निखाऱ्यांवरच. झाकण काढलं, तर आत लख्ख हाडं आणि तपकिरी खीर.

आई मामांकडे वळली. मामा हळूच तिला म्हणाले, "काम तर केलं पावडरीने, अब्वोली."

दुसरं काही नव्हतंच. नाचणीच्या घट्ट उकडीबरोबर तेच वाढलं. नवऱ्याकडून बोलणी करायला आलेले अत्वूकी माझ्यासाठी बाबांना द्यायच्या गाई कमी करण्यासाठी खोट शोधतच होते. त्यांनी वाडग्यात बोट फिरवून विचारलं, मांस मागाहून येणार आहे का. बाबांनी मान खाली घातली.

नवऱ्याच्या आजोबांचं वाडगं तोवर चाटूनपुसून झालं होतं. तोंडात एकच दात उरलेले आजोबा म्हणाले, "सगळीकडे मला नुसता रस्सा वाढतात आणि माझ्यासमोर बसून मांस चावतात. इथे कुणीतरी माझा विचार केला. अत्वूकी, गाई ठरल्या तेवढ्याच द्यायच्या."

बाबांचा जीव भांड्यात पडला. आजोबांनी मामांना जवळ बसवून घेतलं आणि भाजलेल्या मक्याच्या कणसालाही तीच पावडर चालेल का, विचारलं. मामांनी समजावलं, की मक्यात पिष्ट असतं, त्याला वेगळं विकर लागतं, तो सगळा निराळाच अभ्यास.

"मग लाग की अभ्यासाला," आजोबा म्हणाले. "फक्त जरा लवकर आटप. माझं वय बघतोयस ना?"