नारळ कोणी फोडला

इतवारीतल्या कृष्णकांत शेठच्या शिलाई दुकानात माझ्या बाबांनी उमेदीची सगळी वर्षं घातली. दसऱ्याला तिथल्या सगळ्या मशिनींची पूजा शेठच करायचे. मशिनी त्यांच्या, तेव्हा नारळही त्यांनीच फोडायचा. कारागिरांनी प्रसाद खायचा आणि पुन्हा कामाला बसायचं.

मग दुकानांत सरकारी तपासण्या सुरू झाल्या. कामगार असेल तर त्याला सुट्टी द्या, काढलात तर भरपाई द्या. त्या दसऱ्याला शेठना एकाएकी दानधर्म सुचला.

"रुपराव, ही मशीन आजपासून तुही. नारळ तूच फोड गा. आता तू नौकर नाही, मालक झाला!"

बाबा हुरळून गेले. पेढे घेऊन घरी आले आणि आईला म्हणाले, "प्रयाग, शेठनं मले मालक केलं वं!"

कसला मालक! कापड शेठचं, गिऱ्हाईक शेठचं, उशीर झाला की शिव्याही शेठच्याच. पण त्यानंतर दर दसऱ्याला बाबा धुतलेलं धोतर नेसून जायचे आणि आपल्या मशीनपुढे आपल्या हातानं नारळ फोडायचे. तेवढं सुख त्यांना फार होतं.

पुढे त्यांची नजर अधू झाली, शिवण वाकडी पडू लागली. शेठनी हातगाडी बोलावून बाबांना मशीनसकट सक्करदऱ्याला घरी पाठवून दिलं. भरपाईचं नावही काढलं नाही. शेवटी युनियनवाल्यांच्या सांगण्यावरून आम्ही कामगार कचेरीत अर्ज केला. बाबा दुकानाचे कामगार ठरले तर भरपाई मिळणार होती, नाहीतर काहीच नाही.

सुनावणीला मीच त्यांना हात धरून नेलं. तिथले साहेब बरे वाटले. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या दुकानाचं काम घेत होता का?"

"नाही जी. शेठनं मले उभंच केलं नसतं मंग."

साहेबांनी मान डोलावली. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात शेठ अगदी गोड आवाजात म्हणाले, "रुपराव, देवाले स्मरून सांग गा. दसऱ्याले मशीनपुढं नारळ कोण फोडत होतं?"

मी बाबांचा हात दाबला. पण पूजेबद्दल खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. उलट त्यांची मान ताठ झाली.

"मीच जी. मशीन माहीच हाय."

मग मालकाला भरपाई कोण देणार? अर्ज फेटाळला गेला. मला शेठचा संताप आला, साहेबांचा आला, आणि त्याहून जास्त बाबांचा आला. जिना उतरताना ते म्हणाले, "पोरी, म्या तं खरंच सांगतलं. मंग हरलो काहून?" तेव्हा मात्र माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला रडू फुटलं.

दसरा आला. आईनं मशीन पुसली, झेंडूची फुलं वाहिली आणि बाबांच्या हातात नारळ दिला. ते बराच वेळ तो चाचपत बसले. मग त्यांनी तो आईकडे परत सरकवला.

"माह्याच्यानं नाही होत वं," ते म्हणाले. "मालकाले बोलाव."