जा बा

गोचीड करियाच्या कानाच्या आतल्या घडीत होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी, रक्त पिऊन राखाडी झालेली — महालिंगप्पाच्या अंगठ्याला ती लागत होती, पण नखात येत नव्हती. चष्मा घरी राहिला होता. सिद्धम्माच्या खाटेजवळ, स्टुलावर, गोळ्यांच्या डब्याशेजारी... म्हणजे आता परत जा, कडी काढ, कडीच्या आवाजानं ती डोळे उघडणार, आणि उघडल्यावर आधी त्याच्याकडे नाही, त्याच्या पायांपाशी बघणार, करिया आहे ना म्हणून. नको. आज तरी तिनं बघायला नको. "हलू नको रे, गाढवा," तो पुटपुटला, आणि करियानं शेपूट हलवलं, कारण मराठीतली शिवी काय आणि मराठीतला आशीर्वाद काय, त्याला दोन्ही सारखेच.

कुत्रं कन्नड होतं. म्हणजे जन्मलं उमरग्याच्याच एसटी डेपोमागे, जुन्या टायरांच्या ढिगात, पण वाढवलं सिद्धम्मानं, आणि सिद्धम्मा कर्नाटकातल्या आळंदकडची. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी तिची वाटणी ठरलेली होती — नवऱ्याशी मराठी, देवाशी आणि कुत्र्याशी कन्नड. महालिंगप्पा बेंबळीचा, त्याच्या घरी लिंगपूजा होती, विभूती होती, पण कन्नड तेवढं आजोबांबरोबर मसणात गेलं. सकाळी पूजा आटोपली की ती बोटाला उरलेली विभूती करियाच्या कपाळाला लावायची आणि त्याच्याशी काहीबाही बोलत बसायची, मग हा पेपरामागून खेकसायचा, "आमच्याशी बी येवढं बोलत जा की कधी!" ती हसायची. "तुमी कुठं ऐकता? ह्ये ऐकतंय."

आता ती कुणाशीच बोलत नव्हती. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. सोलापूरला तीन आठवडे काढून तिला घरी आणलं तेव्हापासून तिची सेवा महालिंगप्पाकडे आणि करियाला फिरवणंही त्याच्याकडेच आलं. परवा, गुरुवारी, पुण्याहून लेक शिवरंजनी गाडी घेऊन येणार आणि दोघांना कायमचं घेऊन जाणार. तिचं घर सातव्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. त्यात नातवाला दमा — कुत्र्याचा केस उडाला तरी पोराचे ओठ निळे पडतात. "अप्पा, करियाचं बघितलं का काही?" हे रोज फोनवर. तिचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. कुणाचंच चुकत नव्हतं. चुकणारं कुणी सापडलं असतं तर त्याच्या अंगावर ओरडून तरी मोकळं होता आलं असतं!

म्हणून मग वीरप्पा. फॉरेस्टच्या पलीकडच्या टोकाला शेळ्या घेऊन राहायचा, त्याला राखणीला कुत्रं हवंच होतं. आणा म्हणाला, भाकरीला काय कमी न्हाय. चार दिवस झाले, महालिंगप्पा रोज सकाळी करियाला तिथं सोडायला न्यायचा आणि पहिला दिवस सोडला तर रोज दोघं मिळून परत यायचे.

गोचीड अखेर निघाली. त्यानं ती दगडावर चिरडली, बोट पायजम्याला पुसलं, आणि तारेच्या कुंपणातल्या नेहमीच्या फटीतून दोघं आत शिरले.

फॉरेस्ट म्हणायचं, नाहीतर काय होतं ते? गावामागचा मुरमाड माळ, त्यावर कधीतरी चर खोदून लावलेले निंब, हिवर, सुबाभूळ, मधूनमधून आधीचेच असलेले पळस आणि सीताफळीची झुडपं. तीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून घंटी मारली, पण या माळाकडे त्यानं कधी मान वळवून बघितलं नव्हतं. ऋतू म्हणजे त्याच्या लेखी गाडीच्या काचा वर की खाली, एवढंच. आणि आता, उतारवयात, एका कुत्र्यामागे फरफटत त्याला कळलं होतं की भाद्रपदात इथलं गवत कमरेला लागतं, त्यात करिया दिसायचा नाही, नुसता शेपटाचा शेंडा सरकताना दिसायचा. की मार्गशीर्षात दव इतकं पडतं की चपलांतून पाय निसटतो, आणि कुत्र्याच्या तोंडातून वाफ निघते तशीच आपल्याही तोंडातून निघते. आता फाल्गुन. सगळं झडून गेलेलं, पाचोळा पायाखाली कुरकुर वाजत होता, पळसाला पान नव्हतं आणि फुलं मात्र ही लालभडक — आणि झाडांतून आरपार, पार पलीकडच्या टोकापर्यंत, वीरप्पाच्या खोपटाचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. गवत होतं तेव्हा बरं होतं. शेवट दिसत नव्हता.

आश्विनात... हां, आश्विनात सीताफळांचे डोळे उघडले होते. त्यानं हातरुमालात चार बांधून नेली, एक एक बी काढून चमच्यानं तिला गर भरवला. तिला सीताफळाचं वेड. दोन चमचे तिनं तोंडात धरले आणि गिळलेच नाहीत, गर उजव्या कोपऱ्यातून ओघळला, मानेवरून पांढऱ्या पोलक्यावर, आणि तो ओरडला, "गिळ की! गिळ म्हनलं ना! येवढं बी जमंना व्हय तुला?" ती बघत राहिली. रडली नाही. डावा हात खाटेखाली लोंबत होता, त्या हाताखाली करियानं डोकं सरकवलं, आणि तिची बोटं त्याच्या कानामागे हलली, एवढीच हलली. म्या कशाला ओरडलो? गिळता आलं असतं तर तिनं गिळलं नसतं का? पुढे कितीतरी दिवस तो सीताफळीची झुडपं आली की वाट सोडून वरच्या अंगानं जायचा.

तो हात अजून तसाच लोंबायचा. दिवसभर. ती भिंतीकडे तोंड करून असली तरी हात खाटेखाली, आणि खाटेखाली करिया. औषधं, मालिश, लोण्यासारखं मऊ केलेलं जेवण, सगळं महालिंगप्पा करायचा, पण बोटं हलायची ती कुत्र्यासाठी. चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा करियाला वीरप्पाकडे दोरीनं बांधून तो घरी आला, तेव्हा हात सकाळभर हवेत चाचपडत होता — पुढे, मागे, परत पुढे. त्यानं आपला हात तिथं धरला. तिनं चाचपलं, ओळखलं, आणि सोडून दिला. राग नव्हता त्यात काही. हे नव्हे, एवढंच. दुपारी करिया दोरीचा कुरतडलेला तुकडा गळ्यात लोंबवत दारात उभा राहिला, आणि महालिंगप्पाला असा आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली. "आलास का मुडद्या!" म्हणून त्यानं त्याला एक धपाटा घातला आणि ताटातली अर्धी भाकरी दिली.

तिला सांगितलं नव्हतं. शिवरंजनी म्हणायची, आईला आता कळत नाही अप्पा, तुम्ही उगीच मनाला लावून घेता. कळत नाही! जिला कडीचा आवाज कळतो, चार पायांचा आणि दोन पायांचा फरक कळतो, तिला गुरुवारी गाडीत घालताना हात खाली सोडल्यावर काय कळणार नाही? काय सांगायचं तिला, आणि कोणत्या भाषेत? कधी कधी त्याला वाटायचं, तिचं मराठी तेवढं गेलं असेल. वरवरचं होतं ते, नवऱ्यापुरतं. आत कुठेतरी कन्नड शाबूत असेल, आणि ते काढायला घरात कुणी माणूस नसेल. हे त्यानं डॉक्टरांना विचारलं नाही, लेकीलाही नाही. हसले असते. नाहीतर हसले नसते, आणि ते जास्त वाईट.

"आलाव का मास्तर!"

अर्धा तालुका त्याला अजून मास्तरच म्हणायचा, कंडक्टरला म्हणतात तसं. वीरप्पा सुबाभळीचा पाला शेळ्यांपुढे टाकत होता. कुत्र्याकडे त्यानं बघितलं आणि मग महालिंगप्पाकडे न बघता म्हणाला, "बसा. च्या ठिवतो."

"च्या नको. ती एकटी हाय घरी."

रोजच्यासारखं सगळं झालं. वीरप्पानं पितळीत भाकरी कुस्करून दूध घातलं, करियानं ती मान न वर करता खाल्ली, महालिंगप्पानं त्याच्या गळ्यातला पट्टा सोडला, वीरप्पाच्या हातात दिला, आणि पाठ फिरवून चालायला लागला. मागे बघायचं नाही. पंधरा पावलं, वीस पावलं, पाचोळ्यात फक्त आपलेच पाय... आणि मग मागून ते दुसरे चार, पळत. रोज याच हिवरापाशी. तो वळला, हात उगारून वीरप्पाच्या दिशेनं हलवला.

"जा बा! तिकडं जा!"

करिया धावत येऊन त्याच्या गुडघ्यावर आदळला.

"अरे जा बा... जा की बा आता! ऐकत जा की रे कधी कुनाचं!" करिया उताणा पडला, चारही पाय वर, पाचोळ्यात लोळत, आणि जितका हा जास्त काकुळतीला येई तितका तो जास्त खुशीत. वीरप्पा हातातला पाला टाकून जवळ आला.

"मास्तर, येक इचारू का? राग मानू नका. तुमी ह्येला घालवायलाव का बोलवायलाव?"

"म्हंजे?"

"बा म्हनल्यावर त्ये येनारच की वो! आमच्या कानडीत बा म्हंजे ये. सिद्धम्माक्काचं कुत्रं त्ये, त्येला काय ठावं तुमचं बा? चार दिस झालं बगायलोय — हातानं तिकडं हाकलायलाव अन् तोंडानं बोलवायलाव."

महालिंगप्पानं तो शब्द मनाशी उलटून बघितला. बा. नको बा, काय की बा, बस बा. कधी शब्द म्हणून तो त्याच्या ध्यानातच आला नव्हता. बोलण्याच्या शेवटी आपोआप लागायचा, सदऱ्याचं शेवटचं बटण लावावं तसा. नुसतं 'जा' तोंडातून निघेना. नुसतं 'जा' माणूस वैऱ्याला म्हणतो. म्हणून प्रत्येक वेळी त्याला बा लावला, जरा मऊ व्हावं, कुत्र्याला टोचू नये... आणि त्याला तेवढंच ऐकू येत होतं. ये. ये की आता. ये.

"मग आदी का सांगितलं न्हाईस रे?"

वीरप्पा ओशाळला. "मला वाटलं, मुद्दाम बोलवायलाव. मानसाचं मन असतंय. म्या कशाला मदी पडू?" मग, अवघड काही नाही अशा सुरात, "होग म्हना, म्हंजे जा. येकदाच म्हना, दम दिऊन. जाईल त्ये माज्याकडं. गुनाचं हाय."

होग. हा शब्द काय वीरप्पानं शिकवायला हवा होता? आळंदची गाडी, बसवकल्याणची गाडी, बाजारच्या दिवशी दारापर्यंत खचाखच, आणि त्या गर्दीत रेटून रेटून, घसा फोडून, "मुंद होग्री! मुंद होग्री!" — पुढं व्हा, पुढं व्हा — तीस वर्षांत किती हजार माणसांना म्हणून झालं असेल. झोपेतसुद्धा म्हणायचा, सिद्धम्मा सांगायची. तिची भाषा त्याला येत नव्हती असं तो म्हणायचा खरा, पण हा एक शब्द येत होता, चांगला खणखणीत येत होता, आणि चार दिवसांत तो त्याच्या तोंडात एकदाही आला नव्हता. विसरला? भूल पडली? रोज दुपारी तो लेकीला फोन करायचा, "अगं जातच न्हाई ते, काय करू सांग," आणि काय करू म्हणताना त्याला किती हलकं वाटायचं, फोन ठेवून तो खाटेशेजारी सतरंजीवर आडवा व्हायचा आणि त्याला गाढ झोप लागायची. कुत्र्याचा हट्ट होता. माझा काय इलाज? माझा काय इलाज, हे शब्द चार दिवस त्यानं अंगावर पांघरून घेतले होते, आणि आता या शेळ्यावाल्यानं, चांगल्या मनानं, ते काढून घेतले.

"म्हना की," वीरप्पा म्हणाला. "त्ये आलं की म्या पट्टा घालतो."

करिया उठून बसला होता. अंगाला पाचोळा चिकटलेला, जीभ बाहेर, आणि तो वर बघत होता, महालिंगप्पाच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. गुरुवार परवावर आला होता. खाटेखाली हात आत्ताही चाचपडत असेल. महालिंगप्पानं ओठ घट्ट मिटून घेतले. एरवी जिभेला हाड नसलेला माणूस, पण वीरप्पाला साधं 'बरं' म्हणायचीही त्याला आता भीती वाटली, कारण तोंड उघडलं की त्यातून कोणता शब्द पडेल याचा त्याला भरवसा नव्हता, आणि जो पडेल तो कुत्रं ऐकणार होतं.