मास्तरनं मला देऊन टाकलं तो दिवस

मी कात्री. शिंप्याच्या टेबलावर म्हातारी झालेली, कापड कापायची कात्री. मित्रांनो, दुधाच्या पिशव्या कापते ती तुमच्या स्वयंपाकघरातली चिमुरडी माझी कुणी लागत नाही, तिच्याशी माझं नातं जोडू नका. मी अस्सल लोखंडाची. ज्या लोहारानं मला घडवलं तो ऐरणीवर घाव घालताना सगळ्या जगाला शिव्या घालायचा. त्या माझ्यात मुरल्यात. बोलणं तिरकं वाटलं तर त्याला विचारा.

मास्तरनं मला घेतलं तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. मास्तर म्हणजे आमच्या दुकानाचा कटिंगवाला. दुकान कसलं, रस्त्यावर एक शटर, आत शिवणाच्या मशिनी, कोपऱ्यात वाफेची इस्त्री आणि मधोमध माझं लांब टेबल. मास्तर कापायचा, धाकटा भाऊ शिवायचा. काजं-बटणं करायला एक मावशी यायची. तिच्या ओठात सुई असायची, तरी साऱ्या गल्लीच्या चौकशा करायची.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कटिंगवाला आपली कात्री दुसऱ्याच्या हातात देत नाही. कात्रीला एका हाताचं वळण पडतं, दुसऱ्यानं चालवली की पातं रुसतं. जेवायला जातानाही मास्तर मला ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लावायचा. धाकट्यानं एकदा माझ्यानं कागद कापला, तर किती दिवस दोघं भाऊ मावशीमार्फत बोलत होते. लेकीची रिबीन कापायला बायकोनं मागितली, तर म्हणाला, दात माग, उपटून देतो.

आणि हात काय होता त्याचा! त्यानं कापलेला कोट घातला की पोट सुटलेला माणूससुद्धा नवरदेव दिसायचा. लोक वाहवा करायचे. वाहवा करायला काय जातं?

मग मास्तर बिघडायला लागला. झोप उडाली. खडूनं आखायचा, पुसायचा, परत आखायचा. एकदा कापड उलटवायचंच विसरला आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. नवशिके कापतात तशा. दुकानात हसून हसून मुरकुंडी वळली. मास्तर हसला नाही. मी नसलेलाच बरा, तुमचं काम तरी सरळ होईल, असं पुटपुटला. मी टेबलावरच होते, मला ऐकू आलं. बाकीच्यांच्या कानात बोळे होते.

आता शहाण्यांची जत्रा बघा. निवृत्त झालेला एक साहेब रोज फुकटचा पेपर वाचायला यायचा. त्यानं सांगितलं, मास्तर, मन घट्ट करा. अरे, मन म्हणजे काय लेंग्याची नाडी आहे? मावशीचं मत पडलं की पोट साफ होत नसेल. धाकटा म्हणाला, दादाला कामात गुंतवा. आधीच गुंतलेल्या दोऱ्याला आणखी गुंता! शेजारचा सुतार आला, त्यानं आपल्या मेव्हण्याला कसं आपोआप बरं वाटलं ते सांगितलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मास्तरला काय होतंय हे मात्र एकानंही मास्तरला विचारलं नाही.

आणि एके सकाळी तो दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून आला. चेहरा शांत. रखडलेले सगळे कपडे कापून मोकळे केले. कुणाचं माप कसं, कोण ट्रायलला श्वास रोखून उभा राहतो, ते धाकट्याला समजावलं. मावशीला आपली चष्म्याची चांगली डबी दिली. मग मला उचललं, पातं शर्टाला पुसलं आणि धाकट्याच्या हातात ठेवलं. आता तूच वापर, म्हणाला.

मित्रांनो, मी लोखंडाची. तरी गार पडले.

आणि ही मंडळी? खूश! साहेब म्हणाला, बघा, आला की नाही माणूस ताळ्यावर? मावशीनं डोळे पुसले, किती मोठं मन म्हणाली. धाकटा तर मला मिरवतच होता, जणू ढाल जिंकली. गाढवांनो, जन्मभर ज्यानं मला बायकोच्या हाताला लागू दिलं नाही, तो मला देऊन मोकळा झाला, याला मोठं मन म्हणतात? याला निरवानिरव म्हणतात. पण कात्रीला तोंड असून काय उपयोग, त्यातून नुसती करकर निघते.

दुपारी मास्तरची बायको डबा घेऊन आली. धाकटा तिला वहिनी म्हणायचा. तिनं बघितलं, मी धाकट्याच्या हातात. डबा तिथंच मशिनीवर ठेवला. कुणी दिली, विचारलं. दादानं, तो हसत म्हणाला. ती हसली नाही. स्टूल ओढून नवऱ्यासमोर बसली आणि सगळ्यांसमोर, हळू पण सरळ विचारलं.

"अहो, मरायचा विचार येतोय का तुमच्या मनात?"

मावशीच्या ओठातली सुई खाली पडली. साहेबानं पेपर तोंडापुढे धरला, वाचतोय असं दाखवायला. मास्तरनं गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

"येतो," म्हणाला. "ठरवलंय."

आणि रडला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. विचारलं म्हणून कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरलं नाही मित्रांनो, जे आत कोंडलं होतं ते बाहेर आलं.

तरी धाकट्याची अक्कल बघा. तो वहिनीला बाजूला घेऊन कुजबुजला, सोमवारी ओळखीच्या डॉक्टरकडे गुपचूप नेऊ, आत्ता नेलं तर बोभाटा होईल.

"भाऊजी, घराला आग लागली तर बंब सोमवारी बोलवाल का?"

तिनं मला त्याच्या हातातून घेतलं. मी, छोट्या कात्र्या, ब्लेडं, सगळं ड्रॉवरमध्ये घालून किल्ली मावशीकडे दिली. मला राग आला नाही. त्या घडीला आम्ही त्याच्यापासून लांब असणंच बरं. मावशीला सांगितलं, यांच्याजवळून हलायचं नाही. स्वतः ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि ती येईपर्यंत त्याचा हात धरून बसली. मन घट्ट करा म्हणाली नाही. फक्त बसली. मोठ्या दवाखान्यात, जिथं अपघाताची माणसं थेट आत घेतात, तिथं याला तसंच थेट घेतलं. उद्यावर टाकलं नाहीत हे बरं केलंत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याचं मावशीनं नंतर ड्रॉवरजवळ उभं राहून कुणाला तरी सांगितलं.

मी अंधारात पडून राहिले. गंज चढला. बाहेर लोक म्हणत होते, आम्हाला आधीच शंका आली होती. आली होती तर शिवून ठेवली होती का खिशात?

मास्तर परत आला, मीही ड्रॉवरबाहेर आले. जादू झाली नाही, गोळ्या चालू आहेत, कधी अर्धाच दिवस बसतो. परवा साहेबाच्या कोटाची ट्रायल होती. कोट अंगावर, कच्ची शिलाई, टाचण्या टोचलेल्या. मास्तर मधेच थांबला. "आज ते विचार परत आलेत," म्हणाला. "मला एकटं सोडू नका." धाकट्यानं मशीन बंद केली, वहिनीला फोन लावला, दादाचा हात धरला आणि गिऱ्हाइकं बाहेर काढून शटर खाली ओढलं. साहेब रस्त्यावर अर्ध्या कोटात. समारंभ आजच आहे म्हणून ओरडत होता.

"कोट थांबतो साहेब," मावशी म्हणाली. "माणूस आधी."

मित्रांनो, तुम्ही वयानं लहान, पण त्या साहेबापेक्षा लवकर शिकाल अशी आशा आहे. तुमचा मित्र जिवापाड जपलेल्या वस्तू वाटायला लागला, मी नसलेलाच बरा म्हणाला, खूप दिवस तळमळून एकदम गप्प शांत झाला, तर त्याला शहाणा म्हणून टाळ्या वाजवू नका. सरळ विचारा. जवळ बसून राहा. आणि त्याच दिवशी घरातल्या नाहीतर शाळेतल्या मोठ्या माणसाला हाताला धरून आणा. कुणाला सांगू नको अशी शपथ त्यानं घातली असेल, तर ती खुशाल मोडा. मित्र तुमच्यावर रुसेल. रुसू दे. रुसायला तो असेल.